इतवारीतली आडवी शिडी

नागपूरला जायचं असेल तर थंडी सरता सरता जावं, हे मी इतक्या जणांना सांगितलंय की माझ्या मैत्रिणी आता माझ्याआधी ते वाक्य पूर्ण करतात. संत्री तेव्हा ढिगाने असतात आणि ऊन अजून माणसात असतं. पण माझी स्वतःची पहिली नागपूर-फेरी कशी झाली, ते मात्र मी कुणाला सांगत बसत नाही. या ब्लॉगवर प्रवासाचं लिहायला घेतलंच आहे, तर आज एकदाचं लिहून टाकते.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी नाशिकला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, लग्न व्हायचं होतं आणि जिभेला हाड नव्हतं. आमच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या वाण्याकडे होता. एका सकाळी त्याचा निरोप आला, नागपूरहून ट्रंककॉल आहे म्हणून. माझी थोरली बहीण कुसुमताई नागपूरला दिलेली, इतवारीत तिच्या नवऱ्याचं भांड्यांचं दुकान. मी चपलासुद्धा न घालता धावले.

"सुलू, रजा काढ आणि ये. हे निवडणुकीला उभे राहिलेत, महापालिकेच्या. अपक्ष."

"अगं मग पेढे वाट की!"

"चिन्ह शिडी मिळालंय," ताई म्हणाली आणि चक्क रडायला लागली. "तू चित्रातलं जाणतेस. तुझं ऐकतील ते. फोनवर नाही सांगता येत गं, ये तू."

शिडी मिळाली म्हणून कुणी रडतं का हो? मला तर हसूच येत होतं. पण ताई रडकी नाही. लग्नातसुद्धा रडली नव्हती, उलट मलाच दटावलं होतं. मी रजेचा अर्ज दिला.

नाशिकरोडहून दुपारची हावड्याकडे जाणारी गाडी धरली. सेकंड क्लास, लाकडी बाकडं, खिडकी मिळाली हे नशीब. भुसावळला केळी घेतली, अकोल्याच्या आसपास डोळा लागला आणि वर्ध्याला चहावाल्याच्या ओरडण्याने जाग आली. तुम्ही कधी या मार्गाने गेलात तर वर्ध्याच्या पुढे झोपू नका. उजाडताना तिथली सपाट जमीन आणि मधूनच उभी असलेली पळसाची झाडं बघण्यासारखी असतात.

स्टेशनबाहेर सायकलरिक्षावाल्यांचा गलका होता. तेव्हा मेट्रोबिट्रो कुठली! मी एकाला इतवारी सांगितलं, त्याने भाडं सांगितलं, मी निम्म्यावर आणलं. आमची घासाघीस अगदी रंगात आली होती. "इतवारीत कोठी जाच्चं, बाई?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मनोहर भांडेवाल्यांकडे.

त्याने सीटवरची धूळ फडक्याने पुसली. मग हळूच म्हणाला, "बसा, बाई. जे द्यायचं ते द्या."

बराच वेळ पॅडल मारल्यावर मागे न बघता त्याने विचारलं, "कव्हा झालं?"

"काय कव्हा झालं?"

त्याने गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवली आणि आत यायला तयारच होईना. माझी पिशवी मात्र अदबीने खाली ठेवली. मी वळले आणि समोरच्या भिंतीवर भाऊजी दिसले.

पोस्टर होतं. पांढऱ्या कागदावर एकाच काळ्या शाईत छापलेलं. मधोमध भाऊजींचा स्टुडिओतला फोटो, हात जोडलेले, चेहरा गंभीर. फोटोभोवती फुलांची वेल. आणि फोटोच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक शिडी. आडवी. तिच्याखाली लिहिलं होतं, 'आपला माणूस'.

आपल्याकडे तिरडी कशी बांधतात ते ठाऊक आहे ना? दोन लांब बांबू आणि त्यांच्यामध्ये आडव्या बांधलेल्या कामट्या. वर हार घातलेला फोटो, खाली तिरडी, भोवती काळीपांढरी शांतता. त्या कागदावर एकही गोष्ट चुकीची नव्हती, प्रत्येक गोष्ट एकेकटी साधी होती. तिन्ही एकत्र आल्या आणि माणूस मेला.

पुढे भिंतीमागून भिंती. पोस्टर नसेल तिथे रंगवलेली शिडी, हातगाड्यांच्या मागे, गोदामाच्या कंपाउंडवर, सगळीकडे आडवी. त्या सगळ्या ओलांडून मी ताईच्या दारात पोचले, तर भाऊजी स्वतःच दार उघडून उभे! धिप्पाड माणूस, हसला की छत हलावं असा.

"ये वं सुलू! पाहिले का माहे फोटो? साऱ्या इतवारीत मीच मी!"

मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांचा दंडच धरला. मग विचारलं, "भाऊजी, शिडी आडवी का काढलीत?"

"भिंती आडव्या हायेत नं! ठेंगण्या भिंती, उभी काढली तं बोटभर होते, दुरून कोणाले दिसते? आडवी काढली तं सारी भिंत भरते. डोकं लागते त्याले, पोरी!" आणि स्वतःच्याच डोक्यावर टिचकी मारून हसले. ती वेल छापखान्यात आयती होती, फोटो लयच उघडा दिसून राहिला होता म्हणून टाकून घेतली, हेही त्यांनीच अभिमानाने सांगितलं.

ताई स्वयंपाकघरात गोळाभात करत होती. चण्याच्या डाळीचे गोळे भातात, वरून हिंगाची फोडणी. नागपूरला गेलात तर हॉटेलात शोधू नका, कुणाच्या तरी घरी हक्काने मागा. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "यांना मी सांगितलं तर बायकांचं खूळ म्हणतात. मला निवडणूक नको, सुलू. मला हे हवेत. कालपासून शेजारची म्हातारी मला बघून डोळ्यांना पदर लावते."

"ताई, चिन्ह आहे ते. कागदावरचं. कागदाने कुणी मरत नाही."

"तू बाहेर जाऊन ये त्यांच्याबरोबर. मग बोल."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी मला तर्री-पोहे खाऊ घातले. पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओततात, नाका-डोळ्यांतून पाणी येतं आणि आपण आणखी मागतो. मी दोन प्लेटी हाणल्या. मग प्रचारफेरी निघाली. चिन्ह लोकांच्या मनावर ठसावं म्हणून कार्यकर्त्यांनी खरी बांबूची शिडी आणली होती. चौघांनी ती खांद्यावर घेतली. पुढे भाऊजी, मागे पंचवीस-तीस माणसं.

इतवारी म्हणजे धान्याची पोती, तांब्यापितळेचा खणखणाट, हमालांच्या आरोळ्या. कानात बोटं घालावीत असा बाजार. आम्ही त्या गल्लीत शिरलो आणि आवाज आमच्या पुढे पुढे विझत गेला. हातगाडीवाले गाडी बाजूला घेऊन उभे राहिले. एका सराफाने शटर अर्ध्यावर ओढलं. एक म्हातारा पायरीवरून उठला, टोपी काढली आणि शिडीला नमस्कार केला, भाऊजींना नव्हे. एका बाईने पोराला आत ओढून दार लावलं. हसत कुणीच नव्हतं. थट्टा केली असती तर मला परवडलं असतं, मी दोन शब्द सुनावले असते. पण ती माणसं वर्षानुवर्षं खांद्यावर आडवे बांबू दिसले की जे करत आली होती, तेच करत होती. त्यांना ते कळतही नव्हतं.

"पाहून राहिली का, सुलू?" भाऊजी वळून म्हणाले. "मान देऊन राहिले लोकं!"

मी शिडीपासून चार पावलं मागे राहिले.

संध्याकाळी कापडवाले रामभाऊ आले, भाऊजींचे शाळेपासूनचे दोस्त. रोज येऊन शिव्या देऊन चहा ढोसणारा माणूस, असं ताई म्हणाली. त्या दिवशी ते भाऊजींच्या शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि जमिनीकडे बघत राहिले. ताईने चहा आणला तर हातानेच नको म्हणाले. थोड्या वेळाने उठले आणि चपला घालून निघून गेले.

"बघितलंस?" ताई कुजबुजली. "'येतो' म्हणाले नाहीत."

आपल्यात दुखवट्याच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. हे रामभाऊंना कुणी आठवून दिलं असेल? कुणी नाही. जीभच उचलली नसेल. भाऊजींनी "याचं पोट बिघडलं दिसते" म्हणून उडवून लावलं, पण रात्री पानावरचा भात तसाच ठेवून उठले.

मग मात्र मी तोफ डागली. "भाऊजी, ती तिरडी दिसते. स्पष्ट सांगते. सगळ्या गावाला दिसते, तुम्हालाच दिसत नाही. उद्याच्या उद्या ती उभी करा."

मला वाटलं, रागावतील. ते दाराशी जाऊन कडी लावून आले. मग म्हणाले, "सुलू, एक सांग. लोकं माह्याशी बोलते तवा माह्याकडे पाहत नाही. भिंतीवरच्या फोटोकडे पाहते. तसं काहून?" आणि मग लहान आवाजात, "फोटोत माहे डोळे उघडे हायेत नं?"

"उघडे आहेत, भाऊजी."

"कर मंग उभी. तुले पटते तसं कर."

सीताबर्डीला जाऊन मी रंग आणि ब्रश घेऊन आले. बर्डीवर तेव्हाही खरेदीला झुंबड असायची आणि व्हरायटी चौकात रस्ता ओलांडणं म्हणजे सर्कस होती. मला तिथे इतकं बरं वाटलं! भाऊजींचा वॉर्ड संपला होता, भिंतींवर सिनेमाच्या जाहिराती होत्या, माणसं भांडत होती, हसत होती. मी उसाचा रस प्याले आणि परत जाऊच नये असं वाटलं. खोटं कशाला बोलू?

परत येऊन भिंती रंगवणाऱ्या गुलाब पेंटरला गाठलं आणि आम्ही दोघं कामाला लागलो. नवी पोस्टरं छापायला वेळ नव्हता, म्हणून निदान भिंती तरी. आडव्या शिड्या चुन्याने पुसायच्या आणि उभ्या काढायच्या. मी चांगली पिवळीधमक शिडी काढली, वर सूर्य काढला, चढणारा माणूसही काढणार होते, पण गुलाब म्हणाला, नियमात बसत नाही, चिन्ह मिळालं तसंच काढा लागते. सूर्यसुद्धा पुसायला लावला. राहिली नुसती शिडी, भिंतीला टेकून उभी. मला माझं काम आवडलं होतं. वाटलं, सुटलो.

दुपारी पाणी भरायला निघालेली एक म्हातारी थांबली. डोक्यावर घागर तशीच. शिडी वरपासून खालपर्यंत बघितली.

"उभी करून ठेवली का वं?" ती मला म्हणाली. "रिकामीच हाय अजून."

आणि घागर सावरत निघून गेली. गुलाबने ब्रश पाण्यात टाकला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा मला उमगलं. बांधून तयार झालेली तिरडी माणूस येईपर्यंत भिंतीलाच टेकवून ठेवतात. वर्गात मी मुलींना शिकवायचे की चित्र चित्रकाराच्या हातात असतं. कसलं डोंबलाचं हातात! एकदा बघणाऱ्याला दिसलं की ते त्याचं झालं. आडवं काढा, उभं काढा, निळं रंगवा, त्याला तेच दिसणार. त्या म्हातारीचा मला इतका राग आला आणि तितकीच तिची भीती वाटली.

विरोधात दोघं होते, एक छत्रीवाला आणि एक पतंगवाला. त्यांना भाऊजींविरुद्ध एक अक्षर बोलावं लागलं नाही. उलट छत्रीवाल्याच्या सभेत म्हणे भाऊजींचं नाव निघालं आणि लोक उगाच उभे राहिले.

मतदानाच्या दिवशी मी आणि ताई शाळेच्या फाटकासमोर बसून होतो. तेव्हा कागदी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा असे. बायका आत जायच्या, शिक्का मारून बाहेर यायच्या आणि ताईच्या समोर येऊन क्षणभर उभ्या राहायच्या. कुणी तिच्या खांद्यावर हात ठेवी. एक जण म्हणाली, "देल्लं वं माय. एवढं तं करायलेच पाहिजे त्यायच्यासाठी."

भाऊजी निवडून आले. नुसते आले नाहीत, छत्री आणि पतंग दोघांची मिळून मतं त्यांच्या मतांच्या आसपाससुद्धा नव्हती. मतमोजणीहून ते घरी आले तेव्हा चेहरा पार ओढलेला. ताईने ओवाळायला तबक घेतलं, तेवढ्यात बाहेर ताशे वाजले.

कार्यकर्ते तीच शिडी घेऊन आले होते. झेंडूच्या माळांनी मढवलेली. मधल्या पायऱ्यांवर सतरंजी.

"बसा, साहेब! खांद्यावरून नेतो तुमाले!"

ताईने भाऊजींची बाही पकडली. सगळ्यांसमोर. "नाही बसायचं," ती म्हणाली. "पाया पडते तुमच्या. चालत जा."

"कुसुम, पोट्टे उपाशीतापाशी राबले. आता नाही कसं म्हणू त्यायले?" भाऊजींनी तिची बोटं एकेक करून सोडवली. मी मध्ये पडायला हवं होतं की नाही, मला आजही ठरवता येत नाही. गुलाल उधळला गेला आणि चौघांनी त्यांना उचललं.

सुरुवातीला भाऊजी वर बसून हात हलवत होते. ताशे वाजत होते. पण नाचायला कुणाचे पाय उठेनात. बाजूची माणसं मागे सरून हात जोडून उभी राहत होती, वरच्या गॅलरीतून कुणीतरी लाह्या टाकल्या. ताशा एका लयीत आला, मग मंद झाला, मग थांबला. आता फक्त चपलांचा आवाज. भाऊजींचा हलणारा हात खाली आला. तो त्यांनी छातीवर ठेवला, दुसरा त्याच्यावर. त्या शिडीवर बसायला अडचणच होती, ते हळूहळू मागे रेलत होते. ताईने माझं मनगट इतकं आवळलं की हातातली बांगडी रुतली.

भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर चौघं थांबले. दमले असतील. त्यांनी शिडी खांद्यावरून उतरवून जमिनीवर ठेवली. आणि मग, कुणी कुणाला काही न सांगता, पुढचे दोघं मागे गेले आणि मागचे दोघं पुढे आले.

विसावा. वाटेत प्रेत खाली ठेवून खांदेकरी जागा बदलतात तो. तिथे उचलायचा असतो तो खडा शोधायला एक जण खाली वाकलासुद्धा होता, मी डोळ्यांनी बघितलं.

त्या चौघांना कळलं. एकाच वेळी कळलं. ते जागच्या जागी खिळले. साऱ्या गल्लीला कळलं. ताई पुढे धावली. भाऊजी शिडीवरून स्वतः उठले, सतरंजी अंगाखालून ढकलली, धडपडत उभे राहिले आणि मोठ्याने, अगदी घसा फाडून ओरडले, "अरे, जित्ता हाय मी! जित्ता हाय!"

ताईने त्यांचा हात धरला आणि आम्ही तिघं चालत घरी आलो. ती शिडी तिथेच रस्त्यात पडली होती. तिला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. ताईने संत्र्याची बर्फी बांधून दिली. भाऊजी दारापर्यंत आले, "परत ये वं," म्हणाले, पण त्या हसण्याने आता छत हलत नव्हतं. पुढचं सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. भाऊजी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, धडधाकट जगले. वॉर्डात नळ आणले, नाली बांधली. लोक त्यांचं नाव आदराने घेत. पण लग्नाला, बारशाला, दुकानाच्या उद्घाटनाला त्यांना बोलवत नसत. ते पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. मी नंतर अनेकदा गेले, फुटाळा तलावावर फिरले, झणझणीत सावजी रस्सा खाऊन रडले, नागपूरवर माझा जीव जडला. तुम्हीही जा. निवडणुकीच्या दिवसांत गेलात तर भिंती बघा, आणि त्या बघणाऱ्या माणसांचे चेहरे जास्त बघा.

परतीच्या गाडीत मी स्वतःची भरपूर समजूत घातली. शिकलेली बाई मी, रेषा आणि आकार यांवर पोट भरणारी. कागद, शाई, चार बांबू. नाशिक येईपर्यंत मला ते सगळं पटलंही होतं. रिक्षातून उतरले, घराशी आले आणि पुढच्या दाराच्या उंबऱ्याशी पाय उचलेचना. मी पिशवी अंगणात ठेवली आणि घराला वळसा घालून मागच्या दारी गेले. आई तिथे भांडी घासत होती.

"अगं, इकडून कशी? ये ना आत."

"आत नको," मी म्हटलं. "आधी अंघोळीचं पाणी बाहेर दे मला."

आईच्या हातातलं भांडं निसटलं. ती राखेच्या हातांनीच उठून उभी राहिली.

"सुलू, कोण गेलं गं?"

"कुणी नाही," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. "भाऊजी निवडून आले."

आईने माझ्याकडे बघितलं. मग काही न विचारता आत गेली, आणि पाणी तापायची वाट न बघता गार पाण्याची बादली बाहेर आणून माझ्यासमोर ठेवली.